हक्कसोडीत राहून गेलेली जीप

आमच्या अण्णाची जीप तयार झाली. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घराच्या अंगणात ती फाटकाकडं तोंड करून उभी आहे. रंग मिलिटरी हिरवा, अजिबात न चमकणारा. न चमकणारा रंग चमकणाऱ्यापेक्षा महाग पडतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. टायर नवे, ताडपत्री नवी, आणि चारही चाकं ओढणारी गाडी म्हणून जिचं एवढं कौतुक, तिची ती चाकं ओढणारं सगळं यंत्रही नवं. फक्त ती फाटकाबाहेर जाऊ शकत नाही, कारण एका कागदावर माझी सही नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाला आणि साहेबपण तिथं जमा करायचं विसरून घरी घेऊन आला. जीप अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीच्या कागदांवर मालक अजून तेच आहेत. आई त्यांच्या आधी गेली. वारस आम्ही दोघंच. तेव्हा गाडी अण्णाच्या नावावर चढायची तर मी लिहून द्यायला हवं, की माझी काही हरकत नाही.

माझी हरकत आहे का, हे मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळं उत्तर द्यायची सवय नाही.

ही जीप घरात आली त्या वर्षी मी बी.ए. झाले होते. पुण्याला एम.ए.साठी प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागाही मिळाली होती. अप्पांनी पैसे बाजूला काढून ठेवले होते, त्या वर्षीच्या भुईमुगाच्या शेंगांचे. त्याच उन्हाळ्यात लष्कराच्या जुन्या गाड्यांचा कुठंतरी लिलाव झाला. मैंदर्गीच्या शेतावर जायला बरी, पावसाळ्यात काळ्या रानातून निघते, म्हणून अप्पा ही घेऊन आले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "यंदा जीप. पुण्याचं पुढच्या साली बघू की." पुढच्या साली त्यांनी माझं लग्न बघितलं.

मी पुढं सासरी राहून, पोस्टानं अभ्यास करून ग्रंथालयाचा कोर्स केला आणि सोलापुरातल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केली. इतरांना पुस्तकं दिली, परत घेतली, उरलेल्या वेळात वाचली. तक्रार करावी असं आयुष्य गेलं नाही. मुलगी तिच्या सासरी, आणि नवरा गेल्यापासून मी होटगी रोडला एका फ्लॅटमध्ये एकटी राहते. पण माहेरी गेलं की अंगणात ती जीप दिसायची, आणि घरात सगळे तिला अप्पांची जीप म्हणायचे. मी मनात तिला दुसरं काही म्हणत असे. आम्हा बायकांना तिच्यात मागं, खताच्या पोत्यांवर जागा असायची. पुढच्या सीटवर अप्पांच्या शेजारी अण्णा बसायचा, आणि अण्णा नसला तर अप्पांची टोपी.

अप्पांना जाऊन वर्ष झालं आणि अण्णानं हक्कसोडीचा विषय काढला. आमच्याकडं हे असंच चालतं, आणि चांगली म्हणवणाऱ्या सगळ्या घरांत चालतं. बाप गेला की बहिणीनं कचेरीत जाऊन लिहून द्यायचं, की वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते. 'राजीखुशी' हा शब्द कागदात तयारच असतो, तो बरोबर आणावा लागत नाही. सही झाली की भाऊ साडी घेतो, कचेरीसमोरच्या हॉटेलात डोसा खायला घालतो, आणि माहेर शाबूत राहतं. सही न करणाऱ्या बहिणीही असतात. त्यांच्याबद्दल लग्नकार्यात हळू आवाजात बोललं जातं. मी सही केली. साडी मोरपंखी होती. डोसा बरा होता.

कागद करणारा माणूस पक्का होता. त्यानं पेठेतलं घर लिहिलं, मैंदर्गीची जमीन लिहिली, विहीर, विहिरीवरची मोटर, पाइपलाइन, बांधावरची आंब्याची झाडं लिहिली, गोठा पत्र्यासकट लिहिला. गोठ्यात काय आहे ते मात्र लिहिलं नाही. गोठ्यात कडब्याच्या पेंड्यांखाली जीप होती. अप्पा थकल्यापासून ती तिथंच पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिला मिळकत म्हणावं असं तेव्हा अण्णाला वाटलं नाही, मलाही नाही. एवढ्या हिशोबी घरात एवढी मोठी वस्तू लिहायची राहून गेली.

निवृत्तीनंतर अण्णाचा फोन वाजायचा थांबला. हाताखालची माणसं रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूनं जायला लागली. त्याच सुमाराला त्याला मोबाइलवर पुण्याकडचे काही लोक सापडले. ते जुन्या जीपा दुरुस्त करून उभ्या करतात आणि दर महिन्याला ऑफरोडिंगला जातात. म्हणजे चांगला रस्ता सोडून मुद्दाम दगडाधोंड्यांतून गाडी घालतात. सोलापुरात यासाठी आम्हाला रस्ता सोडावा लागत नाही, पण त्यांना बिचाऱ्यांना लांब जावं लागतं आणि एकसारख्या टोप्या शिवून घ्याव्या लागतात.

शिवाय तो आमच्या समाजाच्या ट्रस्टचा अध्यक्ष झाला होता. समाजाची वर्षातून एक मिरवणूक निघते. पुढं बँड, मागं ट्रॅक्टरवर देखावा, आणि मध्ये उघड्या जीपमध्ये फेटा बांधून अध्यक्ष उभा. तो कुणाला हात करतो हे त्यालाही माहीत नसतं. आजवरचे अध्यक्ष भाड्याच्या जीपमध्ये उभे राहिले होते. अण्णाला स्वतःच्या जीपमध्ये उभं राहायचं होतं.

"लाखभरात उभी राहतीय," तो मला म्हणाला. "अप्पांची आठवण हाय गं. वारसा म्हणतात याला."

मैंदर्गीहून ती टेम्पोत घालून आणली. टेम्पो फाटकातून आत जाईना, म्हणून फाटकाचा एक खांब पाडला. गाडीला हात लागण्याआधीचा हा पहिला खर्च. काम गॅरेजला द्यायचं नाही, घरीच करायचं, हे अण्णानं आधीच ठरवलं होतं. गॅरेजवाले लुटतात, चांगले भाग काढून घेतात, घरी केलं की निम्म्यात होतं. घरी करण्याचा हा निम्मेपणा मग पुढं दोन उन्हाळे चालला.

मिस्त्री घरी यायचा. गोड बोलणारा, दखनी बोलणारा, आणि जगात कसलीही घाई नसलेला माणूस. अण्णा हात मागं बांधून त्याच्या डोक्यावर उभा राहायचा, जसा खात्यात रोडरोलरशेजारी उभा राहत असेल.

"किती होईल सगळं मिळून?" अण्णा विचारायचा.

"खोले बगैर क्या समजता साब."

मग मिस्त्री काहीतरी खोलायचा, त्यात बोट घालायचा, बोटाला लागलेलं अण्णाला दाखवायचा. "ये तो गया जी." अण्णा गंभीरपणे मान हलवायचा, जणू त्याला ते आधीपासून माहीत होतं. हे पहिल्यांदा चेसिसबद्दल झालं, मग गिअरबॉक्सबद्दल, मग पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या त्या दुसऱ्या पेटीबद्दल, जिचं नाव अण्णा फार प्रेमानं घ्यायचा. पत्र्याचा सांगाडा गंजून चाळण झाला होता. तो पंजाबकडून मागवला. आला तेव्हा त्याचं ट्रान्सपोर्टचं भाडं अण्णानं वैनींना सांगितलं नाही. ट्रकवाल्यानं सांगितलं.

वैनी म्हणजे अण्णाची बायको. अक्कलकोटकडची, कमी बोलणारी. त्यांच्या वाट्याला यातलं घरचं काम आलं. मिस्त्रीचा आणि वेल्डरचा दोन वेळचा चहा, दुपारची भाकरी, शेंगाचटणी, कधी पिठलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि त्याच दिवशी नेमके मिस्त्रीला इंजिनाचे भाग धुवायचे असणार. वेल्डिंग सुरू झालं की गल्लीतले दिवे मिणमिणायचे आणि शेजारच्या सासू-सून दारात येऊन उभ्या राहायच्या. विजेचं बिल आलं तेव्हा वैनींनी ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं, देवाच्या फोटोशेजारी.

मी अधूनमधून जायचे. एकदा गेले तर अंगणात अप्पांची जीप भागाभागांनी मांडून ठेवलेली, बाजारात वांगी मांडतात तशी. कोपऱ्यात भंगारात द्यायचा ढीग होता. त्यात अप्पांनी बसवलेलं डिझेल इंजिन होतं. लिलावातलं मूळ इंजिन फार पेट्रोल पितं म्हणून त्यांनी ते विकून कुठल्यातरी टेम्पोचं हे बसवलं होतं. त्यांनी गोणपाटानं शिवलेल्या सीट होत्या. तुटलेल्या आरशाच्या जागी तारेनं बांधलेला न्हाव्याचा आरसा होता. मागं बसणाऱ्यांना धरायला म्हणून गोठ्यातल्या पाइपचा कापून लावलेला दांडा होता. तो तेवढा मी ओळखला. माझा हात त्यावर पुष्कळ वेळा बसलेला होता.

"हे सगळं टाकणार?" मी विचारलं.

"ओरिजिनल नाही ना ते," अण्णा म्हणाला. "अप्पांनी काहीबाही करून ठेवलं होतं. मला ती मूळ कंपनीतून निघाली तशी पाहिजे."

म्हणजे अप्पांची आठवण जपायची म्हणून गाडीतून अप्पा काढून टाकायचे, आणि एका अनोळखी कंपनीला परत आणायचं. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. साहेब लोकांना असलं काही सांगितलं की ते "पॉइंट बरोबर आहे" म्हणतात आणि पुढं जातात.

मूळ पेट्रोल इंजिनाच्या जातीचं एक इंजिन दिल्लीकडच्या कुठल्या तरी भंगार बाजारातून आलं. ते सुरू झालं नाही. दुसरं आलं. तोवर निवृत्तीचे हाताशी ठेवलेले पैसे संपले होते. वैनींच्या पाटल्या गेल्या. त्या कशा गेल्या हे मला कुणी सांगितलं नाही. एकदा चहाचा कप पुढं करताना वैनींचा हात नुसताच दिसला, आणि माझं लक्ष गेलेलं त्यांनाही दिसलं.

"जड व्हायच्या," त्या म्हणाल्या. "आता लई हलकं वाटतंय."

नंतर मैंदर्गीची ओढ्याकडची पट्टी विकली. चांगली काळी जमीन होती, अप्पांच्या शेंगा तिथंच यायच्या. तो व्यवहार झाल्यावर गिअरबॉक्स, टायर आणि ताडपत्री एकदम आली. मी कचेरीत बसून सोडलेला हक्क अंगणात गिअरबॉक्स होऊन पडलेला होता. मिस्त्री त्याला रॉकेलनं पुसत होता.

रंग तीनदा दिला. पहिला फार हिरवा झाला, दुसरा चमकला.

गाडी अंगणातल्या अंगणात हलायला लागली तेव्हा अण्णानं पुण्याच्या त्या मंडळींना बोलावलं. एका रविवारी ते आले. टोप्या, टी-शर्ट, छातीवर जीपचं चित्र. अंगणात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, प्रत्येकाला सोलापुरी टॉवेल आणि नारळ. गाडीच्या बोनेटवर हार घातला होता आणि चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसले, पंख्याजवळ.

एका टोपीवाल्यानं भाषण केलं. त्यात पॅशन हा शब्द इतक्या वेळा आला, की माझ्या पुढच्याच रांगेतले आमचे एक म्हातारे काका शेजाऱ्याला हळूच विचारते झाले, की ही पॅशन कोण, अण्णाची सून का. मग त्या टोपीवाल्यानं वैनींकडं वळून विचारलं, "वहिनी, तुमचा सपोर्ट कसा होता?"

"आमचं काय," वैनी म्हणाल्या. "आमी चहाला हाय की."

सगळे हसले. फार साध्या आहेत वहिनी, असं कुणीतरी म्हणालं. मग कुणी अण्णाला किंमत विचारली. अण्णा याचीच वाट पाहत होता. बोनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "दहा लाखांना मागितली एकानं. मी म्हटलं, बापाला कुणी विकतं का?"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पंख्याच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नसतील.

आता राहिले होते कागद. दोन उन्हाळे एवढा खर्च झाला, पण कागद आधी बघावेत असं अण्णाला वाटलं नव्हतं. आमच्याकडं वस्तू आधी उभी करतात, कागद नंतर. घर असंच बांधलं, विहीर अशीच पाडली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ओळखीचा निघाला. या वेळी गाडी नावावर करून देणाऱ्या एजंटानं फाइल उघडली, मूळ मालक मयत असल्याचं वाचलं आणि विचारलं, "वारस किती?" अण्णानं हक्कसोडीचा कागद काढून दिला. एजंटानं तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "यात घर आहे, जमीन आहे, गोठापण आहे. गाडी कुठंय?" हे मला वैनींनी फोनवर सांगितलं. त्या एवढं सविस्तर क्वचितच बोलतात.

दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला अण्णा आणि वैनी माझ्याकडं आले. मी पाट मांडला, रांगोळी काढली, अण्णाला ओवाळलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं नाही. पिशवीतून साडीचा बॉक्स काढून तबकाशेजारी ठेवला आणि बॉक्सवर एक घडी केलेला कागद ठेवला. वर पेन.

"तंगी, एक छोटंसं काम होतं," तो म्हणाला.

आमच्यात कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. घरात कानडी अप्पा आणि आईपुरतीच होती. अण्णानं ती कामापुरती राखून ठेवली आहे.

मी निरांजन खाली ठेवलं आणि कागद उघडला. "कसली हरकत नाही म्हणायचं मी?"

"गाडी माझ्या नावावर व्हायला. आरटीओचे नियम असतात गं उगीच. तुझा निम्मा हिस्सा धरतात ते. आता भंगारात कसला आलाय हिस्सा."

"भंगार?"

"नाही तर काय. लोकांपुढं बोलावं लागतं. तुला म्हणून खरं सांगतो, उद्या विकायला काढली तर लोखंडाच्या भावानं जाईल. चाळीस हजार आले तरी खूप."

"बरं," मी म्हटलं. "मग तुझा निम्मा हिस्सा मला दे. वीस हजार माझ्याकडं आत्ता घरात आहेत. देते काढून." आणि मी खरोखरच कपाटाकडं निघाले.

सोफ्यावर बसलेल्या वैनींना पाणी पिताना ठसका लागला. बराच वेळ लागला.

"चेष्टा करू नकोस," अण्णा म्हणाला.

"दर तू सांगितलास."

"किती घातलेत मी त्यात, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. वैनींच्या पाटल्या आणि ओढ्याकडची पट्टी. दोन्ही मी ओळखते."

तो पाटावरून उठला, खुर्चीत बसला. कपाळावर माझा कुंकवाचा टिळा, त्यावर तांदळाचे दाणे चिकटलेले. "तुला काय करायचीय जीप? चालवता तरी येते का?"

"नाही. अप्पांनी कधी हात लावू दिला नाही."

"मग?"

"मला जीप नको, अण्णा. ती कशाच्या पैशांतून आली तेवढं तू म्हण. म्हण, आणि सही घेऊन जा."

मी हे ठरवून ठेवलेलं नव्हतं. बोलल्यावर मात्र मला कळलं, की मला एवढंच हवं होतं, आणि ते फार स्वस्त होतं. त्याच्या एका टायरपेक्षाही स्वस्त.

अण्णा गोंधळला. "कशाच्या म्हणजे? शेंगांच्या."

"शेंगांचे पैसे कशासाठी ठेवले होते?"

तो आठवत राहिला. मग त्याचा चेहरा मोकळा झाला, जसा एखादी जुनी फाइल सापडल्यावर होत असेल. "पुण्याचं म्हणतेस होय? अगं, ते तूच नको म्हणालीस की. लांब पडतंय, आई एकटी पडेल, म्हणून तूच. अप्पा सांगायचे की आम्हाला. कौतुकानं सांगायचे. पोरीला समज हाय म्हणायचे."

अण्णा खोटं बोलत नव्हता. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला हे खरंच असं माहीत होतं, आणि कदाचित वैनींना, गावातल्या चुलत्यांना, सगळ्यांना असंच माहीत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की अप्पांनी माझं पुणं काढून घेतलं, आणि त्यांनाही ते आतून ठाऊक असेल. तिकडं घरात गोष्ट वेगळीच चालू होती. तिच्यात मी आपण होऊन उठून सगळं देऊन टाकलं होतं. कचेरीतला कागद करण्याच्या कितीतरी आधी माझी एक हक्कसोड झालेली होती, राजीखुशीनं, माझ्या सहीशिवाय.

"मी नको म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

"आता एवढ्या वर्षांचं कुणाला आठवतंय," अण्णा म्हणाला. "म्हटलं असशील. विसरली असशील."

मी कागदाची घडी घालून ती टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. बघू म्हटलं. आमच्या घरात बघू म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. फराळ झाला. अण्णानं चकली मऊ पडली आहे असं सांगितलं. निघताना वैनींनी साडीचा बॉक्स उचलून माझ्या हातात दिला. "ही ठेवा," म्हणाल्या. "ओवाळणी हाय."

साडी मी ठेवली. ओवाळणी परत करत नाहीत. रंग पुन्हा मोरपंखीच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनींचा फोन आला. अण्णा झोपला होता.

"वन्सं, सही करू नगा."

"का हो?"

"उभी हाय तोवर खर्च थांबलाय. हलली की परत सुरू. आता ते पहाडात जायचं म्हनत्यात." मग म्हणाल्या, "आन मी सांगितलं म्हनून नका सांगू."

मिरवणूक आली. अण्णा फेटा बांधून उघड्या जीपमध्ये उभा राहिला. जीप भाड्याची होती, पांढरी, लग्नाच्या वरातींना जाणारी. तिच्या पाठीवर आदल्या आठवड्यातल्या नवरा-नवरीची नावं अर्धवट पुसलेली होती. माझ्यासमोरून गेली तेव्हा अण्णानं हात केला. मला केला की गर्दीला, कळलं नाही. त्या दिवसाचं भाडं तीन दिवसांच्या भाड्याएवढं पडलं, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच जीप हवी असते.

त्यानंतरच्या लग्नकार्यांत माझ्याबद्दल हळू आवाजात बोलायला सुरुवात झाली. मी जेवायला बसले की पंगतीत शेजारच्या बायका भाजीची चौकशी करतात, पूर्वी माझ्या मुलीची करायच्या. एक दूरची मावशी तेवढी सरळ बोलली. "एवढं शिकून काय मिळवलंस गं?" तिला म्हणायचं होतं की बहिणीला शोभेल असं वागावं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा सकाळीच पेठेत गेले. पाडलेला खांब अजून बांधलेला नव्हता. त्या जागी विटांची चळत आणि तिला टेकवून ठेवलेलं फाटक होतं. गल्लीतूनच इंजिनाचा आवाज येत होता. बॅटरी उतरू नये म्हणून अण्णा रोज सकाळी गाडी सुरू करून बसतो, हे वैनींनी सांगितलं होतं. अंगणात धूर होता आणि स्वयंपाकघराची खिडकी आतून लावलेली होती. अण्णा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या फाटकाकडं बघत बसला होता. अंगावर बनियन होता.

मला पाहून त्यानं शेजारच्या सीटवरची टोपी उचलून मागं टाकली. पुण्याच्या लोकांनी दिलेली टोपी होती. "ये, बस," तो म्हणाला.

मी चढले. पाय उचलायला त्रास झाला, धरायला दांडा नव्हता. पुढच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. सीट कडक होती, कंपनीतून आल्यासारखी. इंजिन नीट चालत होतं. अप्पांच्या जीपसारखा आवाज मात्र कुठंच नव्हता. ती सगळं अंग हलवत चालायची, ही नुसती गुरगुरत होती. आम्ही दोघं फाटकाकडं बघत बसलो.

माझ्या पर्समध्ये तो कागद होता. आठवडाभर मी तो घेऊन फिरत होते. दोघांचीही वयं झाली, असं काहीतरी मनात येऊन मी तो टीव्हीखालून काढला होता.

"सही केलीस तर एकदा मैंदर्गीला जाऊन येऊ," अण्णा म्हणाला. "तू पुढं बस. तुझी वैनी मागं बसेल."

"पुण्याला जाऊ की," मी म्हटलं.

मला वाटलं त्याला समजेल. हसला असता तरी चाललं असतं. त्यानं मात्र विचार केला, खरोखर केला, मीटरवरच्या काट्याकडं बघून.

"पुण्याला नाही जायची ही," तो म्हणाला. "हायवेला लांब पल्ल्यावर तापते म्हणतो मिस्त्री. रेडिएटर बदलावा लागेल."

"किती लागतील?"

"खोलल्याशिवाय काय कळतंय."

मी खाली उतरले. वैनींनी आतून चहा टाकू का विचारलं, मी हो म्हटलं. पर्स खांद्याला होती, ती मी उघडली नाही. चहा घेऊन रिक्षानं घरी आले आणि कागद परत टीव्हीखाली ठेवला.